लिओपोल्डिनची टोपी

वरचं कुरण, १० जून १९५६

मावशीआजी,

डोंगरावरून नमस्कार! ही कोण बाई, असं वाटेल तुम्हाला. मी त्सिली, लिंडाखची, तुमच्या थोरल्या बहिणीची नात. आजीच्या मयताला तुम्ही आला होतात तेव्हा मी तुमच्या काळ्या टोपीवरचं पीस ओढलं होतं आणि तुम्ही माझ्या हातावर सणसणीत चापट मारली होती. आठवलं? तीच मी. आता एकोणीस वर्षांची आहे आणि बाबांनी यंदा सगळ्या गाई माझ्या हवाली करून मला वर पाठवलंय. एकटीला! धारा काढायच्या, लोणी काढायचं, चीज करायचं, सगळं मीच. झोपडीत मी, चूल आणि एक मांजर. मांजर कामचुकार आहे.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. मला साल्झबुर्ग बघायचंय. आजी सारखं सांगायची ना, तुमच्या गल्लीतल्या लोखंडी पाट्या, नदी, डोंगरावरचा किल्ला, आणि पाऊस आला की सगळ्या शहराच्या छत्र्या एकदम उघडतात ते. मी शेजारच्या ईशल गावाच्या पलीकडे गेलेली नाही. बाबा म्हणतात, शहरात गेलेली पोरगी परत येत नाही. मी म्हटलं, आजी शहर सोडून इकडे आली, तिला कुणी अडवलं का? शेवटी म्हणाले, "मुकुट घालून गाई खाली आण, मग जा आठ दिवस मावशीकडे. नाहीतर पुन्हा नाव काढायचं नाही."

तुम्ही शहरच्या, म्हणून सांगते. सप्टेंबरअखेर गाई खाली उतरतात. उन्हाळा धड पार पडला असेल तरच त्यांना फुलांचे मुकुट चढवतात. एखादी गाय कड्यावरून पडली, किंवा तोवर घरातलं कुणी गेलं, तर मुकुट नाही. उघड्या डोक्याने गाई येतात आणि सगळा गाव दारात उभा राहून बघतो. माझ्याकडे चौदा आहेत. चौदाच्या चौदा खाली न्यायच्यात!

तर मावशीआजी, तुमच्या दुकानात टाकाऊ रिबिनी, तुकडे असं काही निघतं का? बाकीच्यांसाठी मी कागदाचे गुलाब करणारच आहे. पण पुढे चालणाऱ्या लिओपोल्डिनला काहीतरी झकास हवं.

तुमची
त्सिली

ता. क. हवा स्वच्छ असली की इथल्या डोंगराच्या धारेवरून फार लांब एक पांढरा ठिपका दिसतो. तो तुमचा किल्लाच असणार. मी रोज त्याला हात करते.


साल्झबुर्ग, २४ जून

त्सिली,

टाकाऊ? माझ्या दुकानात टाकाऊ काही नसतं, मुली. चिमटीत मावेल एवढा रेशमाचा तुकडाही मी जपून ठेवते. वाल्बुर्गाच्या दुकानातली टोपी घालून बायका संगीताच्या उत्सवाला जातात आणि मागच्या रांगेतल्यांना काही म्हणता काही दिसत नाही. आणि तू माझ्याकडे गाईसाठी चिंध्या मागतेस!

तुझं पत्र आलं तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. त्यांचं नाव काय असेल? लिओपोल्डिनबाई. सरकारी हुद्द्यावरच्या साहेबांच्या पत्नी. मी आपली "लिओपोल्डिनला काहीतरी झकास हवं" हे मोठ्यानं वाचून बसले. बाई खूश. म्हणाल्या, कोण माझं इतकं मनावर घेतंय? मी म्हटलं, खेड्यातली एक चाहती आहे. अशी माझ्या अंगाशी आलीस तू.

रिबिनी पाठवणार नाही. मी टोपीच करणार. मुकुट म्हण हवं तर. चाळीस वर्षं बायकांची डोकी सजवतेय, त्यातली निम्मी तरी तुझ्या गाईपेक्षा रिकामी असतील. पण अंदाजपंचे काम मी करत नाही. डोक्याचं माप हवं. दोन शिंगांमधलं अंतर, कानामागचा घेर, कपाळाची उंची. दोरीनं घेऊन पाठव.

पीस शहामृगाचं होतं. आठवतं मला. चापट कमीच पडली.

इथे सहा दिवस पाऊस धरून बसलाय, आमचा तो बारीक, उभ्या दोऱ्यांसारखा. त्यामुळे तू ज्याला हात केलास तो किल्ला नव्हता. पांढरी गाय असेल कुणाचीतरी.

मावशीआजी वाल्बुर्गा


वरचं कुरण, १५ जुलै

मावशीआजी!

माप कसलं घेऊ, माझा जीव अजून थाऱ्यावर नाही. ऐका.

परवा दुपारी धुकं आलं. असं की हात पुढे केला तर बोटं दिसेनात. मी गाईंना हाकारून गोठ्यात घेतलं, मोजलं, तेरा. पुन्हा मोजलं, तेरा. कालवड झुझी गायब, तिला सगळीकडे नाक खुपसायचं असतं. घंटेचा आवाज ऐकू येई, पण धुक्यात आवाज कुठून येतोय ते कळत नाही, इकडूनही येतो आणि तिकडूनही. मी रांगत रांगत कड्याकडे गेले. खाली तळं आहे हे मला ठाऊक, दिसत काहीच नव्हतं. मी रडत होते आणि शिव्या घालत होते, दोन्ही एकदम. साल्झबुर्ग गेलं, मुकुट गेला, असं वाटलं. खोटं कशाला बोलू, आधी साल्झबुर्गच आठवलं आणि मग झुझी.

आणि कुठे असेल भवानी? कड्याच्या ऐन टोकाला, तिथल्या एकुलत्या एक झुडपाचा पाला खात! मी शेपटी धरून मागे ओढली. तिनं मला लाथ मारली. मी तिला मिठी मारली.

चौदा आहेत. चौदा!

माप दोरीनं घेता येत नाही. लिओपोल्डिन दोरी खाते. मावशीआजी, तुम्हीच या की! साल्झबुर्गहून छोटी गाडी तळ्यापर्यंत येते, तिथून बोटीनं लिंडाख, आणि लिंडाखहून बाबा तुम्हाला गवताच्या गाडीतून अर्ध्या वाटेपर्यंत आणतील. पुढचं चालायचं. हळूहळू. मी ताजं लोणी आणि ब्लूबेरी ठेवते. तुम्ही कधी डोंगरावर आला आहात का हो? आजी म्हणायची, तुम्ही खुर्चीवर चढायलासुद्धा घाबरता. ते खरं का?

त्सिली


साल्झबुर्ग, १२ ऑगस्ट

त्सिले,

मी जिवंत आहे. फक्त माझे गुडघे गेलेत.

"पुढचं चालायचं, हळूहळू" असं लिहिताना तुला लाज वाटली नाही? त्याला चालणं म्हणत नाहीत, त्याला भिंत चढणं म्हणतात. तुझ्या बापानं मला मागून ढकललं. साहेबांच्या पत्नीनं मला त्या अवस्थेत पाहिलं असतं तर दुकान बंद करावं लागलं असतं.

आणि तरी मी आल्यापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगतेय. बोट निघाली, पाणी असं हिरवं की माझ्याकडच्या एकाही रेशमाला तो रंग नाही. मी रुमालाचं टोक बुडवून बघितलं, तर साधं पाणी! आणि तुझ्या झोपडीच्या दारातून एका नजरेत तीन तळी, एकाच्या मागे एक. मी चाळीस मैलांवर राहते आणि हे मला आजवर कुणी सांगितलं नाही? ताई सांगायची. मी ऐकत नव्हते, आणि तिच्या मयताला आले तेव्हा डोळे वर करून बघितलंच नाही. तिनं त्या खेडवळ रूपर्टशी लग्न केलं म्हणून मी नाक मुरडत बसले. आता कळलं, ती डोंगराच्या प्रेमात पडली होती, रूपर्ट वरकड मिळाला.

लिओपोल्डिनचं माप व्यवस्थित मिळालं. बाईंचं डोकं उत्तम आहे, कपाळ रुंद, नजर शांत. माझी मापाची फीत चाटली पण खाल्ली नाही, यावरून खानदान कळतं. टोपीचं चित्र काढून झालंय. बघशील तेव्हा बघशील.

परत येताना तुझ्या आजोबांकडे पाऊणएक तास बसले. बरे आहेत. थोडं खोकतात. अंथरुणात बसूनच कॉफी घेतात, आळशीपणा वाढलाय. काळजीचं काही नाही.

तू फक्त गाई सांभाळ.

मावशीआजी


लिंडाख, २० ऑगस्ट

मेहुणीबाई,

अक्षराला हसू नका, हात थरथरतो.

तुमच्या त्या काळ्या टोपीचं काय ते बघा एकदा. तुम्ही अंगणात शिरलात आणि माझ्या कोंबड्या पळाल्या. तुमचा फ्रान्झ गेला त्याला किती वर्षं झाली? तो असता तर म्हणाला असता, बाई, ते डोक्यावरचं छप्पर काढ, पाऊस थांबलाय.

आता कामाचं. ईशलचा डॉक्टर काय म्हणाला ते तुम्ही दाराआडून ऐकलंत, मला माहीत आहे. बर्फ पडेपर्यंत टिकणार नाही म्हणाला. ठीक. मी त्याच्याशी वाद घालत नाही, तो शिकलेला आहे. पण मी त्याला एवढंच विचारलं की गाई उतरेपर्यंत टिकेन का? तो म्हणाला, सांगता येत नाही. मी म्हटलं, मग मी सांगतो.

पोरीचा पहिला उन्हाळा आहे. तिनं कड्यावरून कालवड ओढून आणली, तिच्या बापानं, योर्गनं सांगितलं मला. अशी पोर, आणि मी म्हातारा आठवडाभर आधी मेलो तर तिचे सगळे मुकुट गेले. गाव म्हणेल, घरात मयत झालं, गाई उघड्या आणा. आणि तिचं ते साल्झबुर्गही गेलं. तर ते होणे नाही. गाई उतरेपर्यंत मी मरत नाही. त्यानंतर बघू.

तुम्ही तिला एक अक्षर लिहायचं नाही. लिहिलंत तर तुमच्या बहिणीच्या कबरीशेजारी जी जागा मी तुमच्यासाठी धरून ठेवली आहे ती लोहाराला देऊन टाकीन.

रूपर्ट


साल्झबुर्ग, १५ सप्टेंबर

त्सिली,

खोकं येईल, ते आडवं करू नकोस, उलटं करू नकोस, मांजराला जवळ येऊ देऊ नकोस.

झाली! काल दुपारी शेवटचा टाका घातला आणि मी दुकानातल्या दुकानात एकटीच नाचले. समोरचा चांभार खिडकीतून बघत होता, बघू दे. पांढरी एडेलवाइसची फुलं शंभर टक्के रेशमी, खरी फुलं खुडायला बंदी आहे म्हणून नाही, खरी फुलं वाटेत मान टाकतात म्हणून. मधोमध आरसा, ऊन पडलं की चमकेल. बाजूनं पाइनच्या डहाळ्यांसाठी जागा सोडली आहे, त्या तू ताज्या खोच. लाल गोंडे साहेबांच्या पत्नीच्या टोपीवरून उरलेले, त्यांना सांगू नकोस.

आणि खालून काळ्या मखमलीची रुंद फीत, तीच गळ्याशी बांधायची. माझ्या सगळ्या चांगल्या टोप्यांना मी काळं मखमल लावते. पांढरं आणि लाल त्यावर उठून दिसतं. ती गुंडाळी फुलांना रगडेल म्हणून वेगळी सगळ्यात वर ठेवली आहे.

टपालाच्या बाई म्हणाल्या की तुमच्या बाजूनं वर टपाल जायचं आता थांबलं, म्हणून खोकं मागच्या खोऱ्यातून वनरक्षकाच्या हाती पाठवते. हे पत्र मात्र नेहमीच्या टपालानं लिंडाखला टाकते, खोक्यात घातलं तर शाई फुलांना लागायची भीती. तिथून कुणीतरी वर आणेल, आगेमागे पोचेल.

आजोबा आहेत तसेच.

मावशीआजी


वरचं कुरण, मंगळवार १८ सप्टेंबर

मावशीआजी,

खोकं आज पोचलं. आत पत्र नव्हतं. उघडल्याबरोबर वरच काळी फीत. निरोप समजला.

लिहायला तुमचा हात धजावला नाही ना? मला ऑगस्टपासूनच कळत होतं. तुम्ही प्रत्येक गोष्टीवर पानपानभर लिहिता आणि आजोबांवर एक ओळ. आमच्याकडे घरातलं कुणी गेलं की पुढच्या गाईच्या घंटेला काळी फीत बांधतात. मला वाटलं होतं तुम्ही शहरच्या, तुम्हाला आमची रीत कुठून ठाऊक असणार. आजीनं सांगितलं असेल. बरं केलंत, अशा पद्धतीनं कळवलंत. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायला नको होतं.

खाली फुलं निघाली. इतकी सुंदर वस्तू मी आयुष्यात पाहिली नाही. मी तिला हात लावला नाही.

शेजारची कुरणं रिकामी झालीत, मी एकटीच राहिलेय, गाई टाकून पळत येता येत नाही. वनरक्षक चांगला माणूस आहे, मागच्या खोऱ्यातला असल्यामुळे त्याला आमच्या घरचं काही माहीत नाही. तो हे पत्र टपालात टाकेल आणि गुरुवारी पहाटे कुत्रा घेऊन मदतीला येईल. ठरल्यापेक्षा आधीच उतरते. मी येईपर्यंत थांबा म्हणावं बाबांना. आजोबांना त्यांच्या गाईंनी पोचवायला हवं.

साल्झबुर्ग राहू दे. त्याचं मला आता काही वाटत नाही. तेवढं एक खरं नाही, वाटतं, पण आजोबांपुढे काही नाही.

चौदाही सुखरूप आहेत. त्यांना सांगायचं होतं मला.

त्सिली


तार. साल्झबुर्गहून लिंडाख, गुरुवार २० सप्टेंबर, सकाळ. रूपर्ट यांना.

तुम्ही मेला नाहीत. त्सिलीला वाटतं मेलात. चूक माझ्या मखमलीची. गाई आज उतरताहेत. ताबडतोब देवळीच्या वळणावर जाऊन बसा. दिसतील असे बसा. वाल्बुर्गा


लिंडाख, २१ सप्टेंबर

मावशीआजी, मावशीआजी, मावशीआजी!

कुठून सुरू करू? मी तुला कडकडून चिमटा काढणार आहे आणि मग पापे घेणार आहे.

पहाटे निघालो. मी पुढे, लिओपोल्डिनच्या घंटेला काळी फीत, मागे बाकीच्या उघड्या डोक्याच्या, सगळ्यांत मागे वनरक्षक आणि कुत्रा. तुझी टोपी मी पाठीवरच्या टोपलीत बांधून घेतली होती. कागदी गुलाबांचं पोतं वनरक्षकाच्या खांद्यावर. टाकून यायचं तर धीर होईना. वाटभर मी आजोबांशी मनातल्या मनात बोलत होते. बघा, झुझी नीट चालतेय. बघा, एकीलाही खरचटलेलं नाही.

खालच्या पहिल्या घराशी आलो. लोहार बाहेर आला, फीत बघितली, टोपी काढली. बेकरीवाल्या बाईनं छातीवर क्रूस केला. त्यांचे चेहरे असे काही झाले होते! मला वाटलं दुःखानं. आता कळतं, ते मनातल्या मनात आमच्या घरची माणसं मोजत होते, यांच्याकडे गेलं कोण म्हणून. पण फीत बांधलेल्या गाई जात असताना आमच्याकडे कुणी बोलत नाही. म्हणून कुणी विचारलंच नाही! एकानं तोंड उघडलं असतं तर माझं रडणं वाचलं असतं.

देवळीचं वळण आठवतं ना, जिथे तू गाडीतून उतरून कंबर धरून बसली होतीस? तिथे आमची गवताची गाडी आडवी उभी. तिच्यावर गादी. गादीवर रात्रीच्या अंगरख्यात, डोक्यावर सणासुदीची हिरवी टोपी, मांडीवर रजई, हातात कागद, कोण असेल?

मी थबकले. लिओपोल्डिन थबकली. मागच्या सगळ्या एकमेकींवर आदळल्या.

"कोण गेलं गं?" आजोबांनी विचारलं.

मी घंटेवरच्या फितीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"अगं बोल की. घरातलं कोण गेलं? मला कुणी काही सांगतच नाही."

"तुम्ही," मी म्हटलं.

"मी? मग मला कळवायची काही रीत आहे की नाही? एवढ्या लांबून तार आली तेव्हा समजलं!"

मावशीआजी, मी गाडीवर चढले आणि त्यांना मिठी मारली आणि मग पाठीत दोन गुद्दे घातले. ते खोकायला लागले. मी घाबरले, माफ करा, माफ करा म्हणायला लागले, तर ते खोकत होते की हसत होते तेच कळेना. बाबा घोड्याच्या पलीकडे तोंड करून उभे होते. घोड्याचं खोगीर ठीक करतोय म्हणाले. गाडीच्या घोड्याला कसलं खोगीर!

मग त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरचं, आणि गाई उतरेपर्यंत न मरण्याचं. मला एकदम इतका राग आला. मी म्हटलं, माझ्या मुकुटासाठी? मुकुट गेला खड्ड्यात. तर म्हणाले, "खड्ड्यात कशाला, कुठे आहे तो? आण इकडे. मेलेल्यासाठी उघड्या आणल्यास, आता जित्यासाठी सजव."

टोपली उघडली. तुझी टोपी वर काढल्याबरोबर ऊन पडलं, देवाशपथ, आणि मधला आरसा असा लखलखला की झुझी बिचकून मागे सरली. सगळा गाव धावला. पोतं उघडलं, गुलाब चुरगळले होते, बायकांनी ते उभ्या उभ्या सरळ केले. लोहार पाइनच्या फांद्या तोडून आणत होता. लिओपोल्डिननं मान खाली घातली, आपणहून! टोपी अशी बसली, मावशीआजी, कणभर इकडे नाही, कणभर तिकडे नाही. मी गळ्याशी बांधायला घंटेवरची काळी फीत सोडली, तर आजोबांनी हात पुढे केला.

"ती माझी. माझ्या नावानं आलीय."

आणि त्यांनी ती आपल्या हिरव्या टोपीला गुंडाळली. लिओपोल्डिनच्या गळ्याशी मग मी माझा लाल रुमाल बांधला.

मग आम्ही काय केलं माहीत आहे? चौदाच्या चौदा गाई वळवल्या, पहिल्या घराच्या वरपर्यंत परत नेल्या, आणि तिथून पुन्हा आलो! घंटा, टाळ्या, वनरक्षकाचा कुत्रा भुंकतोय, लोहार ओरडतोय. सगळ्यात पुढे गवताची गाडी, तिच्यावर आजोबा, एखाद्या बिशपसारखे दोन्ही बाजूंना हात करत.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "पहिल्यांदा आलीस तेव्हा मुकुट नव्हते." मी म्हटलं, बाबा! आजोबा म्हणाले, "योर्ग, मी मेलो नव्हतो. म्हणजे मुकुट होतेच. फक्त ते टोपलीत होते." बाबांनी बराच वेळ डोकं खाजवलं. मग म्हणाले, जा.

मी येतेय! पुढच्या गुरुवारच्या, सत्तावीसच्या दुपारच्या गाडीनं! आणि एकटी नाही. आजोबा म्हणतात, गाई उतरेपर्यंतचं वचन होतं, ते पाळलं. आता त्सिली साल्झबुर्ग बघून परत येईपर्यंतचं. मी म्हटलं, मग मी परतच येत नाही. तर म्हणाले, "मग मला बरोबरच यावं लागेल, लक्ष ठेवायला." डॉक्टर ओरडला. आजोबांनी त्याला तार दाखवली. म्हणाले, सरकारी कागद आहे, वाचा, काय लिहिलंय पहिल्या ओळीत.

मला सगळं बघायचंय. किल्ला, नदी, पाट्या, छत्र्या, आणि तो अंड्याच्या फेसाचा गोड डोंगर, ज्याबद्दल आजी डोळे मिटून बोलायची. आणि साहेबांच्या लिओपोल्डिनबाई!

तुझी त्सिली

(खाली वेगळ्या, थरथरत्या अक्षरात) मेहुणीबाई, जिने चढवू नका म्हणजे झालं. रू.


साल्झबुर्ग, २४ सप्टेंबर

त्सिले, आणि भाऊजी,

"तुम्ही"चं "तू" झालेलं बघितलं. चालेल.

तार केल्यापासून पत्र येईपर्यंत माझं काय झालं ते विचारू नका. स्टेशनवर धावले, तळ्याकडची गाडी डोळ्यांदेखत गेली. दुकानात परत येऊन एका टोपीला उलटी किनार शिवली, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. पोस्टमननं पाकीट दिलं तेव्हा मी त्याच्या समोरच फोडलं आणि "बिशपसारखे" या शब्दाशी येऊन इतकी हसले की त्यानं मला खुर्ची दिली. आता त्यालाही सगळं ठाऊक आहे. गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक आहे. चांभार विचारतो, म्हातारे गाईसकट येताहेत का?

लिओपोल्डिनबाईंना मी खरं सांगून टाकलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून न्याहाळली. मग म्हणाल्या, "तिला माझ्यापेक्षा चांगली टोपी केलीत?" मी म्हटलं, हो. त्यांनी तशीच एक मागितली आहे. आरशासकट.

भाऊजींसाठी खालची खोली आवरली आहे, जिना नाही. खिडकीतून किल्ला समोर दिसतो, झोपल्याझोपल्या बघा. त्सिली, तू वर माळ्यावर. तिथून पूर्वेकडचे डोंगर दिसतात. हवा स्वच्छ असली तर तू तुझ्या कुरणाला हात कर. मी गेला आठवडाभर करतेय. पांढरी गाय असेल म्हणा.

स्टेशनवर गर्दी असते, म्हणून मला ओळखायचं कसं ते सांगून ठेवते. काळी टोपी शोधू नका. फ्रान्झ गेल्यापासून मी तीच घालत आले, तुम्हा दोघांना ठाऊक आहे. पण तुम्हा डोंगरातल्या लोकांचा काही भरवसा नाही, काळं दिसलं की तुम्ही फलाटावरच रडारड सुरू कराल आणि माझी अब्रू जाईल.

लाल टोपी शोधा. आज शिवून झाली. पहिल्यांदाच माझ्या स्वतःच्या डोक्याचं माप घेतलं. आरशात बघून आले आत्ताच. बरी दिसते.

या लवकर.

वाल्बुर्गा